त्याचं ध्यान आणि माझे गुडघे

माझे गुडघे आणि त्याचे गुडघे एकाच हिवाळ्यात गेले, असं मी आपलं म्हणते. खरं म्हणजे दोघांचेही आधीपासूनच झिजत असणार. दुखणं काय दवंडी पिटून येतं का? आधी ते देवळाच्या पायरीवर भेटतं, मग न्हाणीत भेटतं, आणि एके दिवशी सकाळी आपल्या आधी जागं होऊन अंथरुणात बसलेलं असतं.

तो म्हणजे आमच्या गावच्या मारुतीच्या देवळातलं माकड. लाल तोंडाचं. आमच्याकडे केळीत शिरतात ती काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. हा त्यांच्यातला नव्हता. बोदवडहून रिक्षा करून यावं लागतं असं आमचं गाव. ज्याच्या विहिरीला पाणी त्याची केळी, बाकी सगळी कपाशी. तिथे लाल तोंडाची एक माकडीण कुठून आली कोण जाणे, सातपुड्याकडून एखाद्या ट्रकच्या टपावर बसून आली असेल. विजेच्या डीपीच्या तारेला चिकटून ती गेली आणि पोटाला बिलगलेलं पिल्लू तेवढं वाचलं. माझ्या धाकटीच्या लग्नाच्या साली. गावाने त्या माकडिणीला भजन म्हणत नेऊन पुरलं, दहाव्याला गोडधोड केलं. पिल्लू देवळातल्या बुवांनी उचललं. बुवा एकटे. बायको नाही, पोर नाही. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजून त्यांनी ते वाढवलं, रात्री पोटाशी घेऊन झोपायचे. लोक हसायचे, "बुवा, आता याचं जावळ काढा!" तर बुवा म्हणायचे, "काढू की. तुम्ही जेवायला या."

लहान होतं तोवर मोकळं फिरायचं. मोठं झाल्यावर एका नव्या नवरीचा पदर ओढला, एकाच्या बोटाला चावलं. मग कमरेला दोरी आली, दोरी कुरतडली म्हणून साखळी आली. साखळी सभामंडपाच्या खांबाला, आणि खांबाशी दगडी ओटा. त्या ओट्यावर त्याचं सगळं आयुष्य गेलं. शनिवारी लोक यायचे, मारुतीला तेल, रुईच्या पानांची माळ, आणि याला पेढे, जिलबी, केळी. खाऊन खाऊन चांगला गरगरीत झाला होता.

आता गंमत ऐका. मी मूळची धुळ्याकडची. माझी माहेरची बोली खानदेशी, आणि सासरच्या गावात बोलणं निराळं. लग्न होऊन आले तेव्हा मी "आहे"ला "शे" म्हटलं की जावा-नणंदा पदर तोंडाला लावून हसायच्या. हळूहळू माझी बोली मी गिळून टाकली. घरात नवऱ्याशीसुद्धा सासरच्यासारखंच बोलायला लागले. पण या माकडाशी मात्र मी माहेरच्या बोलीत बोलायची. त्याला काय, तो थोडाच हसणार होता! सकाळी सुनेचा डबा-पाणी आटोपलं की मी काठी टेकत देवळात जायची आणि त्याच्या ओट्याशेजारी बसायची. "काय रे भाऊ, आज बी दुखी ऱ्हायनं का? थंडी शे ना, म्हनीसन दुखस. माले बी दुखस." तो माझ्याकडे बघायचा. डोळ्यांच्या कडा पिवळट झाल्या होत्या त्याच्या.

माझं देवळात बसणं म्हणजे भक्ती, असं सगळे समजायचे. सून शेजारणीला सांगायची, आमच्या आईंचं देवाकडे फार लक्ष. मी काही बोलायची नाही. खरं सांगायचं तर एकदा बसले की मला उठायचीच भीती वाटायची. उठायचं म्हणजे आधी हात कुठे टेकायचा ते बघायचं, मग कोणतं ढोपर आधी वळवायचं ते ठरवायचं, मग श्वास धरायचा. त्यापेक्षा बसलेलंच बरं. देवाचं नाव तोंडात असायचं, नाही असं नाही. पण ते बहुतेक कळ आली की यायचं.

तर त्या हिवाळ्यात माकडाचं बसणं बदललं. पाठीला कुबड येऊन तो पुढे वाकला. गुडघे छातीशी, आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे एकात एक अडकवलेले. मान खाली. तोंड मूर्तीकडे. तासन्‌तास तसाच. पूर्वी कुणी केळं दाखवलं की उडी मारायचा, साखळी खणखणवायचा. आता केळं हातात आणून दिलं तरच घ्यायचा.

पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही. पण गावात झालं, "मारुतीरायाच्या माकडाला ध्यान लागलं." कुणीतरी मोबाईलवर त्याचं चित्र काढून फिरवलं. मग काय विचारता! शनिवारी जळगावहून गाड्या यायला लागल्या, धुळ्याहून जीपा भरून माणसं आली. माझ्या माहेरच्या गावची बाई मला भेटली, मला इथे बघून "अय माय, तू आठे!" म्हणाली, आणि माझी विचारपूस करायच्या आधी माकडाच्या पाया पडली. लोक त्याच्या कपाळाला शेंदूर लावायचे. एक जण डोक्यावर तेलच ओतायला निघाला होता, बुवांनी हात धरला. पुढे देवळाच्या मंडळाने त्याच्यासाठी जुना दगडी ओटा काढून पांढऱ्या संगमरवराचा ओटा बांधला. दिसायला सुंदर. पौषात त्या फरशीवर मी एकदा हात ठेवला, तर मनगटापर्यंत कळ गेली.

मी रोज शेजारी बसणारी. मला जे दिसायचं ते शनिवारच्या माणसांना कसं दिसणार? सकाळी सभामंडपाच्या जाळीतून उन्हाचा एक चौकोन आत पडतो. तो नेमका ओट्याच्या त्या कोपऱ्यात पडतो जिथून मूर्ती समोर येते. माकड त्या कोपऱ्यात बसायचं ते ऊन घ्यायला. ऊन सरकलं की त्यालाही सरकायचं असायचं. आणि सरकताना तो काय करायचा माहीत आहे? आधी खांबाकडे बघायचा. मग डावा हात खांबाला लावायचा. मग थांबायचा. मग एक ढोपर. पुन्हा थांबायचा. मला हसू आलं आणि रडूही आलं. अरे, ही तर माझी उठायची तऱ्हा! ही कुणी शिकवत नाही. दुखणंच शिकवतं.

मी बोलून दाखवलं. आरतीनंतर मंडळाचे लोक पायरीवर बसले होते, त्यांना म्हटलं, "भाऊ, ध्यान-बिन काही नाही. याचे सांधे धरलेत."

मंडळाचे आबा म्हणजे आमच्या गावातले जरा पुढारी. माणूस वाईट नाही, पण जिभेला धार. म्हणाले, "अक्का, तुले त जिकडे पाहावं तिकडे गुडघेच दिसतात! उद्या म्हणशील मारुतीनं डोंगर उचलला नाही, खांदा आखडला व्हता."

सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखंच बोलले होते.

"आणि आबा," मी म्हटलं, "हात जोडलेले नाहीत ते. बोटं सरळ व्हत नाहीत त्याची."

"मग तुझी बोटं व्हतात का सरळ? तू त हात जोडून बसत नाहीस!"



मी घरी गुडघ्याला रुईचं पान बांधते. मारुतीच्या गळ्यातली शिळी माळ रविवारी काढतात, तीतली पानं मी मागून आणायची, एरंडेल लावून तव्यावर गरम करायची आणि फडक्याने बांधायची. देवाच्या गळ्यातलं पान म्हणून गुण येतो की ऊब म्हणून येतो, देव जाणे. येतो थोडा. एकदा वाटलं त्यालाही बांधावं. घरून गरम करून नेलं, हळूच त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. गुडघा म्हणजे कसा, कैरीच्या कोयीसारखा, टणक आणि वेडावाकडा. त्याने माझ्याकडे बघितलं, पान उचललं, हुंगलं, आणि माझ्याच मांडीवर टाकलं. जणू म्हणाला, तुझं तू बांध बाई. नंतर कळलं, बरंच झालं. रुईचा चीक त्याच्या पोटात गेला असता तर भलतंच झालं असतं.

हे मला सांगितलं जनावरांच्या डॉक्टरांनी. माघात आमची म्हैस आटली म्हणून मुलाने त्यांना बोलावलं होतं. तरुण पोरगा, मला आजी म्हणायचा. म्हशीचं झाल्यावर चहा घेता घेता मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, अजून एक पेशंट आहे. पण तो देवळात बसतो."

तो मुकाट्याने माझ्याबरोबर आला. बुवा दारातच उभे. "हात लावायचा नाही, सोवळ्यातला आहे तो." मी म्हटलं, "बुवा, तुमच्या मांडीवर मुतत मोठा झालाय तो. सोवळं कुठून आलं?" बुवा ओशाळले. त्यांनीच त्याला धरलं, आणि डॉक्टरांनी एकेक सांधा हळूहळू वाकवून बघितला. कोपर अर्ध्यावर अडायचं. कंबर तर वळतच नव्हती. माकड ओरडलं नाही. फक्त ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले.

"बघा, हसतोय," बुवा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "हसत नाही बुवा. माकड असे दात दाखवतं ते भ्यालं की, नाहीतर दुखलं की."

बुवांचा चेहरा उतरला. मग डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आजी, तुमच्यासारखाच संधिवात आहे हा. हाडांची झीज, सांध्यांना सूज, मणके एकमेकांना धरलेत. मी विचारलं, "रानातल्यांना होतं का हो हे?" कारण आमच्या केळीत वानरांची टोळी येते, तीत एक म्हातारी वानरीण मी पाहिलेली. सगळी सरसर निंबावर चढायची आणि ही खाली थांबून आधी बुंधा चाचपायची. वर गेली तरी पहिल्याच जाड फांदीवर बसायची. डॉक्टर म्हणाले, "होतं की. म्हातारपण रानातल्यालाही चुकत नाही. पण ते फिरत राहतं, ऊन असेल तिकडे जातं, आपल्याला झेपेल ती फांदी धरतं. आणि फारच झालं की रानात ते फार दिवस उरत नाही. बांधलेलं मात्र उरतं."

डॉक्टरांचं हे वाक्य मी घरी येऊन भाजी निवडताना सुद्धा घोळवत होते. बांधलेलं उरतं.

त्यांनी सांगितलं, गोड बंद करा, अंग उतरलं पाहिजे. साखळी काढा, निदान लांब करा. ओट्यावर गोणपाट अंथरा. गोळ्या दिल्या, केळ्यात घालून रोज द्यायच्या. "आणि आजी, तुमच्या गोळ्या त्याला द्यायच्या नाहीत," असं मला बजावलं, जसं काही माझ्या मनातलं त्यांना दिसलं. शिवाय म्हणाले, माकड असं ठेवता येत नाही, कायद्यात बसत नाही, वनखात्याला कळवावं लागेल. त्यांच्याकडे अशा जनावरांची सोय असते. बुवा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

गोळीचा गुण आला. मी डोळ्यांनी बघितला ना! आठवड्याभरात त्याने हात सोडले. मान वर केली. एके सकाळी मी गेले तर तो गोणपाटावर कुशीवर कलंडून डोळे मिटून होता, आणि एक हात ओट्याखाली लोंबत होता, झोपलेल्या पोराचा लोंबतो तसा. मी आवाज न करता बसले. मला वाटलं, जिंकलं आपण.

पण शनिवारी लोक आले आणि हिरमुसले. "कुठाय ध्यानाचं माकड?" "हेच? हे तर डोकं खाजवतंय." एका बाईने तर मला विचारलं, दुसरं आणलं का? त्याच्यापुढच्या शनिवारी गाड्या कमी आल्या. गावात कुजबूज सुरू झाली की अक्काने डॉक्टर आणून देवाचं ध्यान मोडलं. माझी सून पाण्याला गेली तर तिला ऐकवलं. ती घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, "आई, तुम्हाला काय गरज होती? माकड बसलं होतं, बसू द्यायचं." मी म्हटलं, "मी बसते तेव्हाही असंच म्हणतेस का गं?" ती मग थोड्या वेळाने तेलाची वाटी घेऊन आली आणि माझे पाय चोळत बसली. तशी मनाने बरी आहे पोरगी.

आबा एकदा दारावरून जाताना थांबले. यावेळी चेष्टा नव्हती त्यांच्या बोलण्यात. "अक्का, हनुमान जयंतीपर्यंत असू द्या तो तसाच. लोकायले मी बोलावलंय. भंडारा मोठा आहे या साली. त्याच्या बादमधे घेऊन जाऊ द्या वनखात्याले."

"तसाच म्हणजे कसा, आबा?"

ते चप्पल वाजवत गेले.

फाल्गुन सरता सरता माझा दुसरा मुलगा, जळगावला राहणारा, मला तिकडे घेऊन गेला, गुडघ्यात इंजेक्शन द्यायला. मेहरूणला त्याचा फ्लॅट आहे, तळ्याच्या बाजूला. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो उजेडात धरून दाखवला आणि म्हणाले, आजी, गादी संपली, हाड हाडावर घासतंय. मी त्या फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं माकडाचा फोटो काढला असता तर असाच आला असता. पाडवा तिथेच झाला, रामनवमीही. मुलगा म्हणे राहा अजून, इथे लिफ्ट आहे. पण हनुमान जयंतीला मी हट्टाने गावी आले.

देवळापुढे मांडव. वरण-बट्टीच्या धुराने डोळे चुरचुरत होते. वांग्याच्या भाजीची मोठी कढई, बँड, लहान पोरांची पिपाणी. मांडवात पाय ठेवायला जागा नाही. आणि सगळे बोटं दाखवत होते, "बसला! बसला!"

लोकांनी काठी बघून मला वाट दिली. पुढे गेले तर तो होता. पाठीला कुबड, गुडघे छातीशी, हात एकात एक अडकवलेले. मान खाली. गळ्यात रुईची एवढी मोठी माळ की ती त्याच्या पायांवर येऊन पडली होती. गोणपाट नव्हतं. खाली नुसती पांढरी फरशी.

बुवा मूर्तीजवळ उभे होते, अंगावर नवं उपरणं. गाल बसलेले. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "बुवा, गोळी दिली का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अपवित्र बोलले. "नेम चाललाय ना अक्का. पाडव्यापासून जयंतीपर्यंत माझा दरसालचा नेम. एक वेळ फळं. औषध नाही. मी माझी स्वतःची ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा बंद ठेवतो या दिवसांत. देवाच्या नेमात गोळी घ्यायची म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं. यंदा म्हटलं, त्यालाही घडू दे. म्हातारा झालाय. कुणास ठाऊक, पुढल्या साली दोघांतलं कोण असेल."

मला त्यांचा राग येऊच शकला नाही, हीच तर खरी अडचण. आबांनी त्यांना काही सांगितलं होतं का, मी विचारलं नाही. सांगितलं असलं तरी बुवांनी ते आबांसाठी केलं नव्हतं. स्वतःच्या लेकराला जे पुण्य लाभावं असं वाटतं ते त्यांनी त्याला देऊ केलं होतं. स्वतः उपाशी राहून.

मी एवढंच म्हटलं, "बुवा, नेम तुम्ही धरला. त्याने कधी धरला?"

तेवढ्यात आरती सुरू झाली. आणि मागे रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची लड लावली. काय तो आवाज! मांडवातली माणसं दचकून उड्या मारायला लागली, बायकांनी पोरं कवटाळली, मी काठी घट्ट धरली. ओट्यावर तो मात्र जागचा हलला नाही. पळावंसं वाटलं नसेल का त्याला? साखळी नसती तरी तो त्या दिवशी उडी मारू शकला नसता. त्याने फक्त डोळे वर केले आणि ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले.

"हसला! मारुतीराया हसला!" एकच गजर झाला. मोबाईल वर गेले. नारळ फुटले.

मी बुवांकडे बघितलं. त्यांनाही ते दात दिसले होते. माघात डॉक्टर काय म्हणाले होते ते त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. ओवाळता ओवाळता त्यांनी हात खाली केला. शेजारच्या माणसाने आरतीचं ताट त्यांच्या हातातून घेतलं, त्याला वाटलं उपासाची चक्कर आली. बुवा खाली उतरले, गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी गेले. त्यांनी त्याच्या गळ्यातली माळ काढली. मग त्याच्या कोपराखाली हात घातला, आणि हळूच, अगदी हळूच, ते सरळ होतं का बघितलं.

झालं नाही.

लोकांना वाटलं बुवा देवाला मिठी मारतायत. त्यांनी आणखी मोठ्याने गजर केला. बुवा त्या गजरात माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, मी याला ध्यान समजलो हो."  त्यांनी साखळीचा आकडा काढला आणि त्याला उचलून आपल्या खोलीत नेलं. आबा आडवे आले नाहीत. खोलीचं दार लागलं, आणि बाहेर पंगती बसल्या.

गोळी त्या दिवशीच पुन्हा सुरू केली. पण या खेपेला गुण पहिल्यासारखा आला नाही. खाणं कमी झालं होतं. जयंतीनंतर वनखात्याची गाडी आली, डॉक्टरही बरोबर आले. पिंजरा आणला होता, तर बुवा म्हणाले पिंजऱ्यात मी ठेवतो. पोटाशी धरून नेलं, लहानपणी धरायचे तसं, आणि आत गोणपाटावर ठेवलं. "थंडी वाजते त्याला," एवढंच त्या गाडीवाल्यांना सांगितलं. चैत्राचं ऊन तापलं होतं, ते लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढे होऊन माझ्या बोलीत म्हटलं, "जाय रे भाऊ. आते तुले कोनी बसाडाव नही." गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत बुवा उन्हात उभे होते.

पावसाळ्याच्या आधीच तो गेला. डॉक्टर मुद्दाम गावात येऊन सांगून गेले, फोनवर सांगितलं नाही, हे मला फार बरं वाटलं. म्हणाले, म्हातारा झाला होता, कंबर पूर्ण गेली होती, पण दुखणं कमी केलं होतं त्याचं. शेवटी शेवटी उन्हाला पडून राहायचा.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "हात जोडलेले होते का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही बुवा. मोकळे होते. पसरलेले."

बुवांनी मान हलवली. ती समाधानाने हलवली की कसं, मला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर त्यांनी देवळात कुणाला शेंदूर लावू दिला तो फक्त मूर्तीला. नेम मात्र यंदाही धरला. मी त्यांची ब्लडप्रेशरची गोळी घेऊन गेले होते, केळं सोलून त्यात घालून. ते बघून ते हसले, आणि डोळे पुसले, आणि खाल्लं नाही.

तो पांढरा ओटा तसाच आहे. आबांना त्यावर माकडाची संगमरवरी मूर्ती बसवायची आहे, हात जोडलेली. अजून व्हायची आहे. तोवर सकाळी जाळीतून ऊन पडतं त्या कोपऱ्यात गोणपाट टाकून मीच बसते. थंडीत बरं वाटतं गुडघ्यांना. जुन्या मोबाईलातलं चित्र बघून अजून कधीमधी लांबची माणसं येतात. परवा एक बाई आली, डोक्यावर पदर, हातात नारळ. माकड नाही म्हटल्यावर खट्टू झाली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "किती शांत बसलात हो आई. हलतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "बाई, पाया नको पडू. हात दे. उठव मला."